भिंगारहून आलेली मागणी

मु. पो. काष्टी, ता. श्रीगोंदा
(सोमवारी लिहायला घेतलं, गुरुवारी संपलं)

तीर्थस्वरूप दाजींना,

काष्टीहून तुमचा एकुलता एक मेहुणा कानिफनाथ याचा लांबूनच नमस्कार (जवळ असतो तर पायच धरले असते, पण सध्या तुमचे पाय माझ्या किती कामाला येतील आणि किती अंगावर येतील याचा अंदाज नाही). राजूरला थंडी पडली का? तुमचा गुडघा कसा आहे? मुक्ताआक्का शुगरच्या गोळ्या घेते ना, की माझ्यावरच्या रागानं त्याही बंद केल्या? इकडे माझी बायको लंकाबाई तुम्हा दोघांना नमस्कार सांगते आणि ‘मी त्यात नव्हते’ असंही सांगते. ती त्यात होती. जीपमध्ये पुढच्या सीटवर तीच बसली होती. पण ते पुढे येईल. तुम्ही छत्तीस वर्षं गुरुजी होतात, तेव्हा एक विनंती आधीच करून ठेवतो: शुद्धलेखनाच्या चुका तांबड्या शाईनं दाखवून पत्र परत पाठवू नये. मागच्या पत्राला तुम्ही दहापैकी साडेतीन दिलेत, ते हिनं फ्रिजवर चिकटवून ठेवलंय आणि येणारा-जाणारा वाचतो.

तुम्ही माझा फोन घेत नाही याचं मला वाईट वाटत नाही. मी तुम्हाला इथल्या आमच्या शेजारच्या रामच्या गोठ्यातून आनंदानं ओरडून सांगितलं, ‘दाजी, आपल्या जयाला भिंगारच्या मिल्ट्रीतल्या मुलाची मागणी आली आणि मी ती स्वीकारलीसुद्धा,’ आणि तुम्ही तिकडे पोरीचे वडील म्हणून तुमच्याजवळच्या अकोल्याच्या मंडळींना आधीच शब्द देऊन बसला होतात. अशा वेळी फोन आपटणं भागच होतं. नंतर आक्काकडून निरोप आला, की बारा तारखेला अकोल्याची मंडळी जयाला बघायला राजूरला येतायत, तिला दहालाच आणून सोड, आणि येताना तिच्या नोकरीचा राजीनामा लिहून आण, कारण त्यांची तशी अट आहे. दाजी, हे पत्र त्या राजीनाम्याबद्दल आहे. पण भिंगारचा खुलासा केल्याशिवाय तुम्ही पुढचं वाचणार नाही, म्हणून आधी तो करतो.

जया आमच्याकडे राहायला येऊन अडीच वर्षं झाली. पशुधन पर्यवेक्षक म्हणजे नेमकं काय हे तुमच्या गावात तुम्ही कुणाला सांगत नाही (‘सरकारी दवाखान्यात असते’ एवढंच सांगता, हे मला आक्कानं सांगितलंय), पण मी रोज बघतो. गाय गाभण आहे की नाही ते पोरगी खांद्यापर्यंत हात घालून सांगते आणि तिचं चुकत नाही. मी तीस वर्षं काष्टीच्या बाजारात जनावरांची दलाली केली, उपरण्याखाली बोटं दाबून हजारो बैलांचे सौदे केले, पण आता गिऱ्हाईक गाईची पाठ थोपटतं आणि माझ्याकडे न बघता विचारतं, ‘जयाताई काय म्हनत्यात?’ सुरुवातीला राग यायचा. आता मीच म्हणतो, थांबा, जयाला येऊ द्या. तर अशी ही पोरगी संध्याकाळी घरी आली, की हातपाय धुऊन मोबाईलवर एक खेळ खेळत बसते. ‘नक्षत्रसत्ता’ असं त्याचं नाव. मी एकदोनदा मागून डोकावलो, तर सगळे ग्रह. नावात नक्षत्र, आत ग्रह, आणि पोरगी कपाळाला आठ्या घालून त्यांच्या जागा बघतेय. लग्नाच्या वयाची मुलगी ग्रह बघतेय म्हटल्यावर मी कशाला अडवू? मला वाटलं, आपलं काम सोपं करतेय.

त्या दिवशी रामच्या गोठ्यात तिचा उजवा हात गाईच्या आत होता, डाव्या हातात शेपूट होतं आणि मोबाईल माझ्याजवळ होता. तो वाजला. ‘मामा, बघा बरं कुनाचं हाय, दवाखान्याचं आसंल,’ असं तीच म्हणाली (हे ध्यानात असू द्यावं, मी चोरून बघितलेलं नाही). चष्मा घरी राहिला होता. हात लांब करून वाचलं: ‘आदिनाथ_भिंगार यांनी आपणास मागणी घातली आहे. जुळलेले ग्रह: २१. मांडलिक दर्जा मान्य. संपूर्ण संरक्षणाची हमी. मुदत: अठ्ठेचाळीस तास.’ वर लष्करी टोपी घातलेल्या, मिशांना पीळ दिलेल्या जवानाचा फोटो. खाली हिरवं बटण ‘स्वीकारा’ आणि तांबडं बटण ‘परिणाम भोगा’.

आता मला कळलंय की हा खेळ परदेशातला आहे आणि त्याला मराठी एका यंत्रानं शिकवली आहे. धाक दाखवून मागून घेणं याला त्या यंत्रानं ‘मागणी घालणे’ करून ठेवलं. जुळलेले ग्रह म्हणजे दोघांच्या हद्दीला हद्द लागलेले ग्रह, तिचे नऊ आणि त्याचे बारा. पण मला तेव्हा कोण सांगणार? मी म्हटलं, छत्तीसपैकी एकवीस, काही वाईट नाही. आणि ‘मांडलिक’ हा शब्द मी ‘मांगलिक’ वाचला. दाजी, जयाच्या पत्रिकेतला मंगळ तुम्हाला माहीत, मला माहीत, आणि त्या मंगळापायी चहा पिऊन परत गेलेली पाच स्थळं आक्काला तोंडपाठ. आणि इथे एक जवान स्वतःहून लिहितोय, मांगलिक चालेल, संरक्षणाची हमी देतो. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी बटण दाबलं. तिला म्हटलं, ‘दवाखान्याचं न्हाई, चांगली बातमी हाय, घरी सांगतो,’ आणि बाहेर येऊन तुम्हाला फोन लावला. गायही गाभण निघाली. एका दिवसात दोन शुभवार्ता, असं मी रामला म्हणालोसुद्धा.

घरी मात्र जयाला सांगितलं नाही. आधी मोठ्या माणसांनी जाऊन यावं, घर बघावं, मग मुलीच्या कानावर घालावं, ही आपली रीत. ती दुसऱ्या दिवशी पहाटेच लसीकरणाला वस्त्यांवर गेली आणि आम्ही गल्लीतल्या अजिनाथची जीप काढली. लंकाबाई पुढे, मी मागे, मांडीवर नारळ, शाल आणि पेढे. भिंगारच्या बाजारात ‘पीळदार मिशांचा आदिनाथ’ असं विचारत गेलो, तिसऱ्या दुकानात पत्ता मिळाला. दार एका साठीच्या बाईंनी उघडलं. त्या रंगुबाई. मी म्हटलं, आम्ही मुलीकडचे. त्या म्हणाल्या, ‘कंची मुलगी?’ मी म्हटलं, तुमच्या आदिनाथरावांनी मागणी घातली ना, आमचा होकार आहे. रंगुबाईंनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं, नारळ बघितला, मग आत तोंड करून म्हणाल्या, ‘आवो, भाईर या. तुमचं लगीन ठरलंय.’ आणि आतून बनियनवर, हातात मोबाईल घेतलेला, चौसष्ट वर्षांचा नवरदेव बाहेर आला. मिशा त्याच होत्या, पण पांढऱ्या. फोटो चाळीस वर्षांपूर्वीचा. लंकाबाई तेव्हा जी हसायला लागली ती अजून मधूनमधून हसते.

माणूस भला आहे. लष्कराच्या एका भांडारात स्टोअरकीपर होता. मोज्यांचा एक जोड हवा असेल तर अर्ज तीन प्रतींत द्या, आणि तिन्ही दिल्यावर ‘आज नग नाही’, अशी त्यानं आयुष्यभर सेवा केली. निवृत्त झाल्यावर हात शिवशिवायला लागले. आता त्याच्याकडे आकाशातली एक वाट आहे. सगळ्यांची जहाजं तिथूनच जातात आणि तो तिथे बसून आहे. पेढे खात त्यानं मला धंद्याचं गुपित सांगितलं. ‘दलालसाहेब, आधी शेजाऱ्याची वाट बंद करायची. मंग त्याला भेट धाडायची. मंग म्हनायचं, भाऊ, वाट लई धोक्याची झालीय, आमी राखन करतो, तुमी फक्त खनिज आमालाच द्या.’ भाव कोण ठरवणार? तो. शेजाऱ्याला गरज असो वा नसो, यंत्रं कुणाकडून घ्यायची? त्याच्याकडून. नाही म्हटलं तर व्यापारबंदी, आणि वर सगळ्या आकाशात जाहीर होतं, की अमुक राज्य भांडखोर आहे. दाजी, युरियाची गोणी हवी तर नको असलेल्या टॉनिकच्या दोन बाटल्याही घ्याव्याच लागतात, त्याला आपले दुकानदार लिंकिंग म्हणतात, हे तुम्हाला माहीत आहे. मला वाटायचं हा शोध आपल्याच तालुक्यात लागला. तो पार आकाशगंगेच्या टोकापर्यंत पोचलाय. आणि त्या खेळात कोण आपल्याविषयी काय मनात ठेवून आहे तेही आकड्यात दिसतं. ‘आपल्याविषयी मत: उणे चाळीस. कारणे: शेजारी असणे उणे दहा, जुना अपमान उणे तीस.’ आपल्या भावकीतही हेच आहे, फक्त आकडा कपाळावर दिसत नाही, म्हणून लग्नाकार्यात एकमेकांना टोप्या घालता येतात.

मी विचारलं, मग मी ते बटण दाबलं त्याचं काय झालं? त्यानं मोबाईल दाखवला. जयाचे नऊच्या नऊ ग्रह त्याच्या रंगात रंगले होते. चौदा महिने खपून तिनं ते उभे केले होते. दोन शेजाऱ्यांशी तिचे स्वतःचे करार होते, ते रद्द. मांडलिकाला स्वतःचा तह करता येत नाही. खनिज सगळं भिंगारला. भिंगार ज्याच्याशी भांडेल त्याच्याशी हिनंही भांडायचं. ‘येवढी हुशार पोरगी लढल्याबिगर कशी वाकली, मलाच नवल वाटलं,’ असं आदिनाथराव म्हणाले. मी हातातला पेढा परत पुड्यात ठेवला.

जया लसीकरणावरून आली तेव्हा मी सगळं सांगून टाकलं. वाटलं, हसेल. ती ओरडली असती तरी चाललं असतं. ती हळूच म्हणाली, ‘मामा, मला इचारलं का न्हाई? हात गाईत हुता, कान तर भाईर हुते.’ आणि उठून गेली. तेव्हापासून माझ्याशी बोलणं बंद. जेवायला बसली, की म्हणते, ‘मामी, त्यांना मीठ पायजे का इचार.’ मी समोर बसलेला. मीठ माझ्याच हाताशी. दाजी, या पोरीनं दोन वर्षांची असताना माझ्या खांद्यावर बसून पहिला बाजार बघितलाय, आणि मी आता ‘त्यांना’ झालोय. खेळ आहे, खेळातलं काय एवढं, असं मी मनाला समजावून बघितलं. जमलं नाही.

मग मी एकटाच परत भिंगारला गेलो, सौदा करायला. आदिनाथरावांचा हात उपरण्याखाली घेतला आणि बोटं दाबली. त्यांना ती भाषा येत नव्हती. त्यांनी माझी नाडी बघितली आणि ‘बीपी तपासून घ्या’ म्हणाले. शेवटी तोंडानं बोललो, पोरीला मोकळी करा, चूक माझी. त्यांनी चष्मा पुसला आणि स्टोअरकीपरच्या आवाजात सांगितलं, ‘त्यांनी सोता येऊन बोलावं. मांडलिकाच्या मामाशी बोलायची सोय खेळात न्हाई.’

मी एसटीत हेच वाक्य घोळवत आलो. आता अकोल्याच्या अटी बघा. मुलीला मंगळ असूनही आम्ही पदरात घेतोय: हे झालं संरक्षण. हुंडा नको, आम्हाला काही नको, फक्त मुलीनं नोकरी सोडायची: हे झालं खनिज. बारा तारखेपर्यंत कळवा, दुसरी दोन स्थळं थांबलीत: ही झाली मुदत. आणि नाही म्हटलं तर पंचक्रोशीत बोभाटा होणार, की मास्तरांची पोरगी शेफारली. यंत्राच्या मराठीत लिहिलं असतं तर मला ओळखूच आलं नसतं, पण हे तर आक्काच्या चांगल्या मराठीत आलंय. दाजी, मी चष्म्याशिवाय दाबलं. तुम्ही चष्मा लावून तेच बटण दाबलंत. राजीनाम्याचा निरोप मी जयाला सांगितला (म्हणजे लंकाबाईला सांगितला, तिनं तिला), तेव्हा ती खिडकीतून बाहेर बघत राहिली. मला फार वाईट वाटलं. ही नोकरी तिला तुमच्या ओळखीनं मिळालेली नाही, माझ्या तर नाहीच. वस्तीवरची म्हातारी मुक्या जनावराचं दुखणं सांगायला हिची वाट बघत उन्हात बसते. तो हात पोळ्या लाटण्यापुरता राखून ठेवायचा असेल तर तो निर्णय मी राजूरला आणून देणार नाही. राजीनामा मी लिहिणार नाही, पोरीला दहाला आणणार नाही, आणि तुम्हाला राग आला तर तो माझ्यावर काढावा, मला सवय आहे.

आक्काला गोळ्या घ्यायला सांगा. लहान तोंडी मोठा घास घेतला असेन, पण तोंड आता सत्तावन्न वर्षांचं झालंय.

तुमचा आज्ञाधारक (आजपर्यंत),
कानिफनाथ

ता. क. बारा तारखेची तयारी करू नये. अकोल्याच्या मंडळींना मी कालच फोन करून ‘जमत नाही’ असं कळवून टाकलंय. माझं नाव सांगितलं असतं तर त्यांनी मानलं नसतं, म्हणून तुमच्या आवाजात बोललो. आधी घसा साफ केला, मग ‘असो’ म्हणालो, मग पुन्हा घसा. मुलाच्या वडिलांना जराही संशय आला नाही, ते मला ‘गुरुजी’च म्हणत होते. आक्कानं करंज्या करायला घेतल्या असतील तर त्या हे पत्र आणणाऱ्या अजिनाथच्या हाती पाठवाव्या. तो तांदूळ आणायला तिकडे येतोच आहे.

ता. क. २. वरचं लिहून झाल्यावर एक गोष्ट कळली. आज सकाळी लंकाबाईनं (जिच्या पोटात काही राहत नाही) माझ्या फोनची हकीकत जयाला सांगितली, आणि जया नऊ दिवसांनी माझ्याशी बोलली. तुम्ही अकोल्याला दिलेल्या बायोडेटावर तिचा नंबर होता. त्या मुलानं, कल्याणनं, तीन आठवड्यांपूर्वीच तिला फोन केला. पहिल्याच फोनला विचारलं, ‘नोकरी सोडायची अट घरच्यांची हाय, माझी न्हाई. तुला काय वाटतं?’ त्याची रोपवाटिका आहे. तो म्हणतो, रोपं काय, पाणी असेल तिथे लावता येतात, तुझी बदली होईल तिकडे येतो. मंगळाचं त्यानं विचारलंसुद्धा नाही. बारा तारखेला सगळ्यांसमोर दोघांनी मिळून हे सांगायचं, असं त्यांचं ठरलं होतं. खिडकीतून बाहेर बघत ती दुःख करत नव्हती, काय बोलायचं ते जुळवत होती. दाजी, पोरीनं स्वतः तह केला होता, तुम्हाला आणि मला वगळून, आणि तो मी मोडला, तुमच्या आवाजात. ती फक्त एवढंच म्हणाली, ‘मामा, दुसऱ्यांदा.’

ता. क. ३. तेव्हा खरी विनंती अशी, की पत्र हातात पडताक्षणी तुम्ही तुमच्या खऱ्या आवाजात अकोल्याला फोन करावा. आधी बोलला तो माझा अर्धवट मेहुणा होता असं सांगावं, हवं तर शिव्या द्याव्यात, मुलाच्या वडिलांच्या हातापाया पडावं, पण बाराला त्यांना आणावं. वरचा संरक्षण, खनिज वगैरे मजकूर त्यांना दाखवू नये. फाडून नवं पत्र लिहिलं असतं, पण याला चार दिवस लागलेत आणि अजिनाथ दारात हॉर्न वाजवतोय. करंज्या पाठवू नयेत, बाराला लागतील. मी बाराला येऊ की नको तेही कळवा. नको म्हणालात तरी वाईट वाटणार नाही, असं लिहिणार होतो, पण वाटेल.

(याच्या खाली वेगळ्या अक्षरात:)

आप्पा, कल्याणला आणि त्याच्या वडिलांना मी सकाळीच फोन केला. ते बाराला येतायत. तुम्ही फोन करू नका. मी दहाला माझी मी येते. मामांना बाराला बोलवा, पण त्यांचा मोबाईल काढून घ्या. हे पत्र अजिनाथकाकांकडून घेऊन मी उघडून वाचलंय. मामांना विचारलं नाही.

जया